पश्चिमेची खोली

रोंगशियाने वेल्डिंगचा शेवटचा टाका मारला, मुखवटा कपाळावर सरकवला आणि सासऱ्यांकडे पाहिलं. थांगबाबा बाकावर बसून पिशवीत लोकरीचे मोजे कोंबत होते. उद्या धाकटा मुलगा त्यांना कायमचं हार्बिनला, आपल्या शहरातल्या घरी न्यायला येणार होता. थोरला, म्हणजे रोंगशियाचा नवरा, दोन हिवाळ्यांपूर्वी वारला होता.

घरात ऊब एकच: कांग, म्हणजे खालून चुलीचा धूर फिरणारा झोपायचा मातीचा ओटा. त्यावर पाठ भाजायची आणि नाक गोठायचं. बाबांची छाती आता ते सोसेना. बाबा गेले, तर या घरात भांडायचं तरी कुणाशी? म्हणून तिने पिंपात पिंप बसवून पाणी तापवणारी चूल उभी केली होती. आत लाकडं, भोवती पाणी, वर एक छोटी उघडी टाकी, आणि तिथून पश्चिमेच्या खोलीतल्या लोखंडी रेडिएटरपर्यंत पाइप. दर हिवाळ्यात ती खोली गारठ्यामुळे बंदच असायची.

"पंप नाही, काही नाही, आणि पाणी भिंत चढणार?" बाबा म्हणाले. "तुझी सासू हाका मारूनही उठायची नाही!"

"तापलं की उठतं, बाबा. तुमच्यासारखंच."

बर्चची लाकडं धडाडून पेटली. पिंप तापलं, पाइपात गुडगुड झाली आणि सगळं थांबलं. पश्चिमेकडचा रेडिएटर बर्फासारखा गार. मग रोंगशियाने कपाळावर हात मारला. रेल्वेच्या कारखान्यातली सवय! तिने पाइप रुळासारखा अगदी समतल बसवला होता; अडकलेली हवा जाणार कुठून? तिने खाली पाचरी ठोकून पाइपाला वरच्या टाकीकडे चढ दिला. टाकीत बुडबुडे फुटले.

बाबांनी पाइपावर तळवा ठेवला. ऊब पुढे सरकली, तसा तळवाही सरकला. दारातून, कोपऱ्यातून, थेट रेडिएटरपर्यंत. खिडकीवरचा बर्फ ओघळू लागला.

"चढलं की गं," ते हळूच म्हणाले. "कुणी न ढकलता." त्यांचे डोळे भरून आले होते, आणि तिचेही.

ते उठले आणि कांगवरचं आपलं अंथरूण गुंडाळू लागले. उद्याची बांधाबांध समजून रोंगशियाने मोज्यांची पिशवी पुढे सरकवली. पण बाबांनी ते पश्चिमेच्या खोलीतल्या खाटेवर नेऊन टाकलं.

"इथे कशाला? कांगची चुलीकडची कड तुमची."

कांगची ती कड घरच्या कर्त्याची. थोरल्यानेही तिथे कधी पथारी पसरली नव्हती.

"ती आता तू घे," बाबा उशी झटकत म्हणाले. "उद्या धाकटा आला की तिथे बसूनच विचार त्याला, पाहुण्या, किती दिवस मुक्काम?"