खिंड उघडेपर्यंत

शनिवारच्या सकाळी वासुदेवनं स्वयंपाकघरातल्या टेबलावर लॅपटॉप उघडला आणि लेहहून आलेला वसंताचा अंदाज आईला मराठीत वाचून दाखवला. मार्च नेहमीपेक्षा थंड. एप्रिलमध्ये पश्चिमेकडून आणखी बर्फाची वादळं. वरच्या खिंडीत यंदा बर्फ फार, त्यामुळे रस्ता मेअखेरीला न उघडता जूनच्या मध्यावर उघडेल.

"म्हणजे उशिरा," तव्यावरची पोळी उलटत मनोरमाबाई म्हणाल्या.

"हो ना. मी मेमधला उर्लाउब टाकून बसलोय. आता रजेच्या तारखा बदलून घ्याव्या लागणार."

"बरं झालं."

वासुदेवनं मान वर केली. "काय बरं झालं, आई?"

"काही नाही. खा, गार होतेय."

खिंड लडाखमधली. तिथं झाड नाही, झुडूप नाही, पावसाची ओळख नाही. वाळवंटच ते, पण कुणी आभाळाच्या उंबऱ्यावर नेऊन ठेवलेलं. वासुदेवचा धाकटा भाऊ सुमित पुण्यात कॉलेजला भूगर्भशास्त्र शिकवायचा. ऑक्टोबरात दोन मित्रांना घेऊन तो तिकडे दगड जमवायला गेला आणि अवेळी बर्फ आला. मित्र उतरले. सुमित थोडा मागे होता, तो मागेच राहिला. आठवडाभर शोध चालला, मग खिंड बंद झाली, आणि जो तो म्हणू लागला, आता वसंतात.

वाईच्या घरात आईला एकटं कसं ठेवायचं, म्हणून वासुदेवनं तिला जर्मनीत, आपल्याकडे कार्ल्सरूहेला आणलं. निघण्याआधी गुरुजी येऊन गेले होते. देह मिळाला नाही तर दर्भाचा पुतळा करून विधी करता येतो, असं त्यांनी हळूच सुचवलं. मनोरमाबाईंनी त्यांना चहा दिला, हातावर केळं ठेवलं आणि दारापर्यंत पोचवून आल्या. कपाळ कोरडं होऊन त्यांना बारा वर्षं झाली होती. नवऱ्याचं मरण त्यांनी डोळ्यांनी पाहिलं होतं, म्हणून ते पचलं होतं. हे न पाहिलेलं मरण त्या घरात घ्यायला तयार नव्हत्या.

लेहमधला नोरबू नावाचा वाटाड्या वसंतात शोधाला जाणार होता. त्यानं एकच गोष्ट विचारली होती. तिघांची जाकिटं सारखीच होती, भाड्यानं घेतलेली. आदल्या वर्षी दुसऱ्या तुकडीतलेही काहीजण त्याच खिंडीत राहिलेले. तेव्हा आतले कपडे कसे होते ते कळवा. मित्रांना इतकंच आठवत होतं की आत आईनं विणलेला स्वेटर होता.

"आई, कसा होता गं तो स्वेटर?"

"आठवत नाही रे."

"माझ्या मुंजीत कुणी किती जिलब्या खाल्ल्या ते आठवतं तुला."

"ते काय विसरण्यासारखं आहे? प्रतापकाकानं खाल्ल्या होत्या. वर म्हणतो कसा, पाकच जरा कमी पडला."

आणि विषय जिलब्यांवर गेला. पुढच्या शनिवारी वासुदेवनं पुन्हा विचारलं, तेव्हा त्यांना डाळीला फोडणी द्यायची होती. त्याच्या पुढच्या शनिवारी त्यांचं डोकं दुखत होतं.

दुपारी नातीला, इराला, त्या मांडीवर थोपटायच्या. इरा सात वर्षांची. आजीचं मराठी तिला सगळं कळायचं, उत्तर मात्र जर्मनमधून यायचं. एका दुपारी वासुदेव जरा लवकर घरी आला आणि बूट काढता काढता थबकला. आतून आईची ओवी येत होती. जात्याशिवायची, पण लय तीच, दळता दळता धरावी तशी.

*उन्हा रे माझ्या भावा, नको डोंगर चढूस*
*बाळ माझं निजलेलं, नको दुलई ओढूस*

"वेअर श्लेफ्ट डेन, आजी?" इरानं विचारलं.

"कोण झोपलंय, असं विचारतेय," नीता खोलीतून म्हणाली. वासुदेवची बायको आईंसाठी दिवसभर असा दुभाषेपणा करायची. "सांगा आता तुम्हीच."

मनोरमाबाई नुसत्या थोपटत राहिल्या. दारात बुटाची नाडी हातात धरून उभ्या वासुदेवला मात्र सगळं कळलं.

एप्रिल आला. ऱ्हाइनकाठचं हे गाव लवकर तापतं. चेरीची झाडं फुलली, समोरच्या फ्राऊ वेबरनी बाल्कनीत खुर्ची टाकली. "शोन वार्म हॉइटं!" आज छान ऊब आहे, असं त्या ओरडून सांगायच्या आणि मनोरमाबाई मान डोलवायच्या.

"इथं कुणी मेलं तरी आधी हवामान विचारत असतील," त्या एकदा नीताला म्हणाल्या.

"अहो आई, लग्नातही तेच विचारतात."

त्या हसल्या. ते हसू ऐकून वासुदेवला कुठून कोण जाणे राग आला.

"तू मुद्दाम सांगत नाहीयेस," तो म्हणाला. "तुला सगळं आठवतंय. तुला तो सापडायला नकोय."

"वासू," नीता म्हणाली.

"नाही, बोलू दे. दर आठवड्याला अंदाज वाचतो मी. बर्फ वाढला की हिचा चेहरा उजळतो!"

मनोरमाबाईंनी पदर सारखा केला. "हो. उजळतो. बर्फ आहे तोवर माझा मुलगा हरवलाय नुसता. हरवलेलं पोर संध्याकाळी घरी येतं. तुझा रस्ता उघडला की काय येणार आहे माझ्याकडे, ते सांग."

"आणि माझा भाऊ उघड्यावर पडलाय, त्याचं काय? बर्फ गेला की कोल्हे येतील, आई. गिधाडं येतील. त्यांना काय आपला-परका कळतो?"

मनोरमाबाई उठून आपल्या खोलीत गेल्या. बाहेर ट्राम घंटा वाजवत गेली.

"गेनाऊ, अगदी बरोबर," नीता शेवटी म्हणाली. "एवढंच बोलायचं राहिलं होतं तुझं." आणि ती आईंच्या मागोमाग खोलीत गेली.

त्यानंतर घरात सगळे हळू आवाजात बोलू लागले. वासुदेव अंदाज एकटाच वाचायचा. आई विचारायची नाही, तो सांगायचा नाही.

मग एका सकाळी फोन वाजला. मनोरमाबाई कणीक मळत होत्या. वासुदेवनं नंबर पाहिला आणि फोन टेबलावर ठेवून स्पीकर लावला. हातात धरवेना त्याला.

"अंदाज चुकला, साहेब," नोरबू हिंदीत म्हणाला. "वर बर्फ आहेच, पण खालच्या उतारावर ऊन लवकर आलं. मेंढपाळांना एकजण मिळालाय."

मनोरमाबाईंचे हात परातीत तसेच राहिले.

"घाबरू नका. आपला नाही. त्याच्या आदल्या वर्षीचा आहे, मंडीकडचा मुलगा."

वासुदेव खुर्चीवर बसला. नीतानं भिंतीला पाठ टेकली. मनोरमाबाई मात्र फोनकडे वाकल्या आणि आपल्या वाईच्या हिंदीत विचारलं, "तुमने कैसे पहचाना, बेटा?"

"माताजी, त्याच्या आईनं पहिल्याच आठवड्यात सांगून ठेवलं होतं. मोज्याच्या टाचेला तिनं लाल धाग्यानं रफू केलं होतं. ते पाहिलं आणि लगेच तिला फोन केला."

"रोयी?"

"नाही. तिनं विचारलं, त्याच्या तोंडावर ऊन येतंय का. मी म्हटलं, मी चादर घातलीय. मग म्हणाली, आज मला झोप लागेल."

फोन संपला. मनोरमाबाई उभ्याच होत्या. दीड वर्ष, त्या पुटपुटल्या, दीड वर्ष ती बाई जागी होती. मग त्यांनी नळ सोडला, बोटांना चिकटलेली कणीक एकेक करून सोडवली, हात पुसले आणि वासुदेवच्या शेजारी येऊन बसल्या.

"लिही."

वासुदेवनं त्यांच्याकडे पाहिलं.

"लिही म्हणते ना. रंग पिकत आलेल्या जांभळाचा. पुढून दोन वेण्यांची वीण. गळा बंद, आणि त्याला टोचतं म्हणून आतून कापड लावलंय. माझ्या जुन्या पातळाचं, पांढऱ्यावर बारीक निळी फुलं." त्यांचा आवाज सपाट होता, वाण्याकडे सामान सांगावं तसा. "उजव्या बाहीला लोकर संपली. तसली वाईत मिळेना, साताऱ्यात मिळेना. मग कोपराखाली दुसरी लावली, जराशी फिकी. घालून आरशात बघितलंन आणि म्हणतो कसा, आई, माझा उजवा हात सावत्र आहे."

वासुदेवला हसू फुटलं आणि त्याच हसण्यात तो रडायला लागला. मनोरमाबाईंनी त्याच्या पाठीवरून हात फिरवला, लहानपणी ठसका लागल्यावर फिरवायच्या तसा.

"लिहिलंस सगळं?"

"हो."

"सावत्र हाताचं नको लिहू. फिका रंग म्हण."

"फिकाच लिहिलाय. आणखी काही, आई?"

मनोरमाबाईंनी लॅपटॉपच्या पडद्यावरच्या इंग्रजी ओळींकडे पाहिलं.

"उचलताना काखेत हात घालू नका म्हणावं," त्या म्हणाल्या. "त्याला गुदगुल्या होतात."

वासुदेवची बोटं थांबली. त्यानं नीताकडे पाहिलं. नीतानं हलकेच मान हलवली. मग एकेक अक्षर शोधत, त्यानं तेही लिहिलं.