चुलीवरचा हात

तुम्ही आमच्या चुलीवर हात ठेवलात. कोण तुम्ही, ते तुमचं तुम्हाला ठाऊक आहे. खुर्चीतला माणूस बदलला असेल, खुर्ची तीच आहे.

माझी आजी तेव्हा आठ-नऊ वर्षांची. कारखाना बंद, बाप काम शोधायला परमुलखात, आई लॉन्ड्रीत लोकांच्या चादरी पिळायला. घरात आजी आणि धाकटा भाऊ ढब्बू. अंगावर मूठभर मांस नाही, पण नाव ढब्बू!

तुमची दोन माणसं फिरायची. शिधावाला चुलीला तळहात लावायचा. गरम लागली की म्हणायचा, "पेटतेय की! मग फुकटचं कशाला?" शिधा बंद. दुसरी, पोरं नेणारी बाई. तिला चूल थंड लागली की "पोरांचे हाल होताहेत" म्हणत पोरं उचलायची. शेजारची दोघं अशीच गेली. परत कुणी पाहिली नाहीत.

म्हणून आईने आजीला शिकवलं होतं, जिना ऐक. खोकला आला तर शिधावाला, चूल विझव. टाचांची टकटक आली तर बाई. पुठ्ठे पेटव, वर पातेलं चढव. पातेल्यात नुसतं पाणी.

"ताई, पाण्याला फोडणी देऊया?" ढब्बू विचारायचा.

"गप. तुलाच देईन."

त्या दुपारी ढब्बू थंडीने काकडत होता, म्हणून आजीने चार पुठ्ठे लावले होते. तेवढ्यात जिन्यात खोकला. तिने पातेलं चुलीत उपडं केलं, राख चरचरली, वाफ उठली. ओलं फडकं विटांवर दाबत राहिली, बोटं भाजली तरी. दार ढकलून शिधावाला आत आला. त्याने हात टेकवला.

"थंड आहे. शिधा चालू."

आजीचा जीव भांड्यात पडतोय तोच तो बाजूला सरकला. मागे बाई उभी होती. त्या दिवशी पायांत रबरी बूट.

"म्हटलं, एकाच खेपेत उरकू," ती म्हणाली. "खरंच थंड आहे ना हो?"

"अगदी गारढोण!"

बाईने ढब्बूचं मनगट धरलं. त्याने दाराची चौकट पकडली आणि किंचाळला, "ताई, चूल पेटव ना! लवकर पेटव!"

आजी काडीमागून काडी ओढत राहिली. पुठ्ठे भिजलेले. एकही धरेना. चौकटीवरची बोटं एकेक करून सुटली.

आजीची आई तुमच्या कचेरीच्या दारात गेली. "चौकशी चालू आहे," म्हणालात. दुसऱ्या दिवशीही तेच, पुढच्या महिन्यातही तेच. मग तिला आत सोडणंच बंद केलंत.

आजी अजून जिवंत आहे. कागद नकोत, माफी नको. तिच्यासमोर उभे राहा आणि सांगा, ढब्बूला कुठे नेलंत?