रोमला गेलेले कागद

हर्षलने माझ्या लेकीचा डावा हात हेल्मेटने मोडला, त्या दिवशी भाजीत मीठ जास्त पडलं होतं. हर्षल माझा जावई, लग्नाला दोन वर्षं झालेली. सुप्याच्या एमआयडीसीत कामाला, आणि तिथेच दोघं भाड्याच्या खोलीत राहायची. त्याआधी मीठ कमी पडलं म्हणून सुकन्याचे दोन दात गेले होते, आणि एकदा तर मीठ अगदी बेताचं होतं तरी त्याने तिच्या पाठीला तापलेली इस्त्री टेकवली होती. दर वेळी पोर एसटीने माहेरी यायची, आणि दर वेळी चार दिवस हळद-दूध पाजून मीच तिला परत पाठवायची.

मी बनुबाई. पुणतांब्याच्या अलीकडे नदीकाठी आमचं गाव. गावातल्या चर्चच्या महिला मंडळाची मी अध्यक्ष. सणासुदीला दोनशे माणसांचा स्वयंपाक माझ्या हातचा, आणि लग्न ठरलेल्या पोरींना 'देवानं जोडलं ते माणसानं तोडू नये' हे पढवायचं कामही माझंच. हर्षलचं स्थळ मीच आणलेलं. नवऱ्याला जाऊन बारा वर्षं झाली, तेव्हापासून गावात ताठ मानेने राहिले, आणि त्या ताठ मानेपायी पोटची पोर कसायाच्या दावणीला बांधून ठेवली. मला कळत नव्हतं असं नाही. कळत होतं, वळत नव्हतं.

या जानेवारीत सुकन्या आली ती परत न जाण्याचं ठरवूनच. "आता धाडलंस तर विहिरीत जाईन," एवढंच बोलली. मग तीन दिवस पडवीत बसून तिने अकरा पानं लिहिली. फादर एकदा उपदेशात म्हणाले होते, की काही लग्नं मुळातच लग्नं नसतात, चर्चचं न्यायालय तसा निकाल देऊ शकतं, पण अर्ज करावा लागतो. त्यासाठी ती पानं. तोंडाने हे सगळं सांगायची तिला लाज वाटत होती, म्हणून तिने ती माझ्या हातात ठेवली. "आये, येवढं फादरांना दे."

मी दिली नाहीत. गव्हाच्या कोठीमागे सारून ठेवली. वाटलं, पोर रागात आहे, निवळेल. वाटलं, फादर वाचणार, मग ते नाशिकला बिशपसाहेबांकडे जाणार, चौकशीला माणसं येणार आणि अध्यक्षीणबाईच्या घरात काय शिजतं ते अख्ख्या गावाला कळणार. सुकन्याला सांगितलं, "दिलं बरं का. फादर म्हनले, कुनापाशी बोलायचं न्हाई, माझ्यापाशी पन न्हाई. लई गुपित असतंय." ती पोलिसात जाते म्हणाली, तर म्हटलं, "आधी चर्चचा निकाल यू दे. पोलिसात गेलीस तर तो अडकून पडंल." पोरीने मानलं. आईवर विश्वास ठेवायचा नाही तर कुणावर ठेवायचा?

फेब्रुवारीत हर्षल मोटारसायकलवरून आला. लाथेने दार उघडलं आणि सुकन्याच्या वेणीला हात घातला. तेव्हा माझ्या तोंडून निघून गेलं.

"हात लावू नगंस. तिचं कागद रोमला गेल्यात. तू काय काय केलंस ते समदं लिवून गेलंय. पोपसाहेबांनी सही केली की तुझं नाव कटलं. मेल्यावर आपल्या दफनभूमीत माती पन मिळायची न्हाई तुला."

त्याने वेणी सोडली. तुम्हाला हसू येईल, पण हर्षल देवाला भिणारा माणूस होता. शनिवारी बायकोला मारायचा आणि रविवारी चर्चात मिस्साच्या प्रार्थनेला पहिल्या बाकावर बसायचा. पोपांच्या सहीने काय होतं हे ना त्याला ठाऊक होतं ना मला. असले कागद नाशिकलाच निकाली निघतात, ते रोमला जावे लागत नाहीत, हे मला फार उशिरा समजलं. आम्हा दोघांच्या अडाणीपणावर माझी लेक दोन महिने निवांत झोपली.

मग ईस्टरच्या दुसऱ्या दिवशी पोप वारले. चर्चची घंटा संथ वाजत राहिली, बाया रडल्या. मीही रडले, पण माझं रडणं वेगळं होतं. संध्याकाळी हर्षलचा फोन आला.

"सही करनारा गेला, मामी. खुर्ची रिकामी हाय."

सतरा दिवस खुर्ची रिकामी होती आणि त्यात तो तीनदा गावात येऊन गेला. पहिल्यांदा आमचं कुत्रं दारातच दगडाने ठेचलं. दुसऱ्यांदा सुकन्या कांदे भरायला गेली होती, तिथे बांधावर गाठून तिच्या पोटात लाथा घातल्या; बाया विळे घेऊन धावल्या म्हणून वाचली. तिसऱ्यांदा मी खुरपं घेऊन दारात उभी राहिले, तर ते माझ्याच हातातून हिसकून त्याने माझ्या तळहातावर ओढलं. "नवा बसूस्तवर तुमचं कुनी न्हाई," म्हणाला आणि शीळ घालत गेला. मला सात टाके पडले.

तेव्हा तरी ती पानं काढून फादरांकडे न्यायला हवी होती. पण नेली असती तर सुकन्याने विचारलं असतं, इतके दिवस ती कुठे होती? खोटं एकदा दावणीला बांधलं की त्याला रोज वैरण घालावी लागते. मी घालत राहिले.

आणि सुकन्या? ती रोज गुडघे टेकून नव्या पोपसाठी प्रार्थना करायची. फुटलेल्या ओठांनी, पोट धरून. लोकांना उत्सुकता होती, पोप कुठल्या देशाचा होईल, काळा की गोरा. तिला कुठलाही चालणार होता, फक्त सही करता येणारा हवा होता.

आठ मेला, गुरुवारी, रोमला पांढरा धूर निघाला, म्हणजे नवे पोप ठरले. टीव्हीवर पाकिस्तानशी युद्ध चाललेलं, ड्रोन आणि भोंगे, आणि पोप बिचारे खालच्या पट्टीत सरकत होते. शुक्रवारी सकाळी घंटा जोरजोरात वाजली, तशी सुकन्या धावत आली आणि तिने मला मिठी मारली. लग्नानंतर पहिल्यांदाच.

"आये, आता सही व्हईल ना? किती दिस लागत्याल?"

"नवा मानूस हाय," मी म्हटलं. "जरा बसू दे त्याला."

माझी मलाच किळस आली.

रविवारी उपकारस्तुतीची मिस्सा ठरली. श्रीरामपूरहून फ्लेक्स करून आणला. वर नवे पोप हात उंचावून, आणि खाली शुभेच्छुक म्हणून गावातले चौदा जण, गॉगलसकट. पोपांपेक्षा शुभेच्छुकच जास्त खुश दिसत होते. दोनशे माणसांची बुंदी माझ्याकडे होती. चर्चच्या बाजूच्या पत्र्याच्या शेडमध्ये मी दोन चुली मांडल्या, एकीवर तेलाची कढई, दुसरीवर पाकाचं पातेलं. सुकन्या झारा घेऊन बुंदी पाडत होती. त्या सकाळी ती गुणगुणतसुद्धा होती.

मिस्सा सुटली तेव्हा हर्षल फाटकातून आत आला. पांढरा शर्ट, नीट पाडलेला भांग, हातात पेढ्यांचा बॉक्स. पण तो आमच्याकडे बघतही नव्हता. फादर पायऱ्यांवर लोकांशी बोलत उभे होते. त्यांच्यासमोर जाऊन त्याने भर गर्दीत गुडघे टेकले आणि हुंदके देऊन रडायला लागला.

"फादर, मी चुकलो. आता न्हाई मारनार तिला, आईशपथ. तुमी येवढं नव्या पोपसाहेबास्नी लिवा, की ह्यो सुधारलाय. सही करू नका म्हनावं."

फादर गोंधळले. वसईकडचा तरुण माणूस, खोटं बोलता न येणारा. "कसली सही, हर्षल?"

"सुकन्याच्या कागदांवर. तुमी रोमला धाडलं ते."

"मी कुठलेच कागद पाठवलेले नाहीत. माझ्याकडे ते कुणी दिलेच नाहीत."

सुकन्याने झारा खाली ठेवला आणि माझ्याकडे पाहिलं. मी मान खाली घातली. तिला उत्तर मिळालं.

हर्षल उठला. गुडघ्यांची धूळ झटकली. तीन महिने तो एका म्हातारीच्या थापेला भिऊन राहिला होता, आणि आत्ता भर गावासमोर पोरासारखा रडला होता. ती लाज त्याला कुणाच्या तरी अंगावर काढायची होती, आणि ते अंग त्याच्या ओळखीचं होतं. तो सरळ शेडकडे चालत आला. सुकन्या पळाली नाही. ती अजून माझ्याकडेच बघत होती.

पहिल्याच थपडेत ती खाली पडली. त्याने तिची वेणी मुठीला दोन वेढे देऊन गुंडाळली आणि तिला ओढलं. तिचं तोंड चुलीच्या दगडावर आपटलं, ओठ फाटला, रक्त हनुवटीवरून गळ्यात उतरलं. मग त्याने मोडून जुळलेल्या त्याच हातावर बूट दिला. "कागद न्हाईत तर तू माझी बायको हाईस," तो म्हणत होता, अगदी शांतपणे. "चल. घरी चल." फादर धावून आले तर त्याने त्यांना छातीवर धक्का दिला, ते लाकडांच्या ढिगावर पडले. चार-पाच पुरुष पुढे झाले आणि थबकले. कुणीतरी म्हणालं, "नवरा-बायकूचं हाय, मधी कशाला पडायचं."

ते वाक्य माझंच होतं. वीस वर्षं मीच ते गावाला शिकवलं होतं.

लोक म्हणतात, बनुबाईचा तोल गेला. तोल गेला नव्हता. माझ्यासमोर तेल होतं आणि पाक होता. तेल ओघळून जातं, पाक चिकटून राहतो, हे बुंदी करणाऱ्या बाईला कुणी सांगावं लागत नाही. मी पदराने पातेल्याचे काठ धरले. तळहाताचे टाके उसवले ते मला जाणवलं. चार पावलं गेले आणि अख्खं पातेलं त्याच्या तोंडावर, मानेवर आणि वेणी धरलेल्या हातावर ओतलं.

त्याचा आवाज अजून माझ्या कानात आहे. पांढरा शर्ट त्याच्या अंगाला चिकटला. तो ओढून काढायला गेला तर बरोबर कातडीही आली. मी थांबले नाही. झारा उचलला आणि त्याला मारत सुटले, डोक्यावर, तोंडावर, पाठीवर. तो रांगत फाटकाकडे निघाला, तरी मी मारत होते. मला बरं वाटत होतं, हेही सांगून टाकते. एकेका फटक्याने मी त्या इस्त्रीचा, त्या दातांचा हिशेब मोजून घेत होते. झारा वाकला, दांडा तुटला, तेव्हा कुठे ते पुरुष धावले. मला धरायला.

मागे वळून पाहिलं तर सुकन्या चुलीपाशी विव्हळत पडली होती. मी ओतलं तेव्हा त्याच्या मुठीत तिची वेणी होती, ती त्याच्या पायाशी होती. पाक तिच्या डाव्या खांद्यावरही सांडला होता. ब्लाऊज कातडीला चिकटला होता.

हर्षलला नगरला हलवलं. डॉक्टर म्हणाले, जगेल, पण एक डोळा जाईल. सुकन्याला तालुक्याच्या दवाखान्यात ठेवलं. मला पोलिसांनी तिथेच आणलं, तळहाताला नव्याने टाके घालायला. सुकन्याची खाट भिंतीला लागून होती, आणि दुसऱ्या बाजूला बाकावर मी, शेजारी एक शिपाई. फादरांनी मला एकच विचारलं, ती पानं कुठे आहेत. मी सांगितलं. ते लंगडत गाडीकडे गेले.

एक कॉन्स्टेबलबाई सुकन्याचा जबाब घ्यायला आली. आधी हाताचं विचारलं, मग दातांचं, मग पाठीचं. सुकन्या शिवलेल्या ओठांतून एकेक सांगत गेली.

"आनि त्याला कुनी भाजलं?"

"आयनं."

मी मान हलवली. तुरुंगात जायची माझी तयारी होती. खरं सांगते, त्या क्षणी मला थोडा अभिमानच वाटत होता. वाटलं, मी जे केलं त्याने सगळं फिटलं. आता पोर माझ्याकडे बघेल.

"वाचवायलाच ना तुमाला? तसंच लिवते," बाई मायेने म्हणाली. मग तिने पान उलटलं. "पन एक सांगा. येवढं हुतं तर दोन वर्सं तक्रार का न्हाई दिली? कुनी अडवलं का?"

सुकन्याने नजर छताला लावली.

"लिवा," ती म्हणाली. "बनुबाई."

"ह्या कोन?"

सुकन्या भिंतीकडे तोंड करून कुशीवर वळायला गेली. पण भिंतीकडचा खांदा भाजलेला होता, त्यावर तिला वळता येईना. दोनदा प्रयत्न केला, कण्हली, आणि शेवटी माझ्या बाजूला तोंड करून पडून राहिली. तिने डोळे मिटून घेतले.