चौदा हजार क्वाचांचा लॅपटॉप

नामाकाऊने चार वर्षांपूर्वी लुसाकाच्या कामवाला बाजारातून लॅपटॉप घेतला, तेव्हाच दुकानदार सियामेने तिला सांगितलं होतं, की हा गेम खेळणाऱ्या पोरांसाठी बनवलाय. कळांखाली लाल दिवे होते, झाकणावर कसल्यातरी जनावराच्या पंजाचं चिन्ह होतं. दर रविवारी चर्चमध्ये पुढच्या ओळीत उभं राहून गाणाऱ्या चाळिशीच्या बाईने काखेत मारून न्यावा असा तो काही दिसत नव्हता. पण तिला हवं ते त्याच्या पोटात होतं. लग्नं, नवरीसाठी बायका करतात त्या किचन पार्ट्या, स्मरणसभा यांच्या फिल्म जोडून द्यायचं तिचं काम, आणि ते ग्राफिक्स कार्डाशिवाय होत नाही. तेवढ्याच ताकदीचा, साध्या करड्या रंगाचा, कामाच्या माणसांसाठी म्हणून केलेला लॅपटॉप शेजारच्याच काचेत होता. त्याची किंमत पंचेचाळीस हजार क्वाचा. हा चौदा हजारांना. तिने लाल दिवे चालवून घेतले.

पहिली दोन वर्षं तिने कुणाला तक्रार सांगितली नाही. सांगण्यासारखं होतं बरंच. फिल्म तयार होताना त्याचा पंखा असा घरघरायचा, की शेजारणीला वाटे हिने घरात मक्याची गिरणी टाकली. पडदा फिका. त्यावर बरोबर दिसलेला नवरीने कमरेला गुंडाळलेला किरमिजी चितेंगे टीव्हीवर भगवा दिसला आणि नवरीची आत्या घरी येऊन तासभर बसली. तेव्हापासून नामाकाऊ प्रत्येक फिल्मचे रंग आपल्या फोनवर ताडून बघू लागली. डावीकडची बिजागरी तडकली, ती तिने डिंकाने चिकटवली, पुन्हा तडकली तेव्हा आत पत्र्याची पट्टी घातली. पण कामं होत होती. नवरा दार-एस-सलामच्या वाटेवर ट्रक चालवायचा, महिन्यातले वीस दिवस बाहेर. मुलगी इनोंगे लिव्हिंगस्टनला नर्सिंग शिकत होती. तिच्या तीन वर्षांच्या फीपैकी बरीचशी या पंजावाल्या पेटीतून निघाली होती, हे नामाकाऊला पक्कं माहीत होतं.

मग पाऊस रुसला, करिबा धरणाचं पाणी आटलं आणि लुसाकाची वीज गेली. म्हणजे यायची, पण दिवसाकाठी तीन-चार तास, आणि तीही लोक झोपलेले असताना. लॅपटॉपची बॅटरी नवी होती तेव्हा काम करताना जेमतेम दीड तास टिके. आता चाळीस मिनिटं.

तेव्हापासून नामाकाऊ वीज शोधत गावभर फिरू लागली. सकाळी सहाला उठायचं, पिशवीत लॅपटॉप, विटेएवढा चार्जर आणि डब्यात मक्याच्या पिठाचा न्शिमा घालायचा आणि जिथे सोलर आहे तिथे जायचं. लोक नाही म्हणत नसत. बाना इनोंगे, म्हणजे इनोंगेची आई, म्हणून सगळे ओळखत, अर्ध्या वस्तीच्या लग्नांच्या फिल्म तिनेच जोडल्या होत्या. पण त्या चार्जरची भूक मोठी होती. बाना कासोंडेच्या सलूनमध्ये लहानसा इन्व्हर्टर होता. त्यावर दिवे, रेडिओ आणि केस कापायचं मशीन चालायचं. नामाकाऊने प्लग लावला आणि फिल्म तयार करायला टाकली, तसा इन्व्हर्टरने एक लांब सूर काढला आणि सगळं बंद पडलं. खुर्चीत चर्चचा डीकन बसला होता, अर्धं डोकं भादरून झालेलं. इन्व्हर्टर थंड होऊन परत चालू होईपर्यंत तो तसाच बसून राहिला, आणि आरशातून नामाकाऊकडे बघत राहिला.

"बाना इनोंगे," कासोंडेची आई शेवटी म्हणाली, "तू ये गं, बैस, गप्पा मार. पण त्या रेड्याला बाहेर बांधून येत जा."

मग उरला चेलस्टनच्या पेट्रोलपंपावरच्या खानावळवजा हॉटेलचा कोपरा. तिथे जनरेटर होता. दर दोन तासांनी काहीतरी मागवावं लागे, नाहीतर काउंटरवरची मुलगी टेबल पुसायला येई आणि पुसतच राही. नामाकाऊ चहा मागवायची. चार चहांनंतर पोटात जळजळायचं. पाठ दुखायची, कारण टेबल उंच आणि खुर्ची बुटकी. शेजारी पोरंबाळं चिप्स खात असायची आणि ती कानात इअरफोनची बोंडं घालून कुणाच्या तरी मेलेल्या बापाच्या स्मरणसभेतलं रडणं पुढेमागे करत असायची. संध्याकाळी मिनीबसमध्ये ती पिशवी मांडीवर धरून बसे. लॅपटॉप तासभर तरी गरम असे आणि ती ऊब मांडीला जाणवत राही.

एका बुधवारी तिने ठरवलं, विकून टाकायचा. पुढे काय करायचं ते ठरवलं नाही. ती कामवालाला सियामेकडे गेली. त्याने बिजागरी हलवून पाहिली, बॅटरी पाहिली आणि साडेतीन हजार म्हणाला. नामाकाऊने घासाघीससुद्धा केली नाही. नुसती मान हलवून लॅपटॉप परत पिशवीत घातला.

बातमी मात्र पसरली. शुक्रवारी म्विझाचा फोन आला. म्विझा तिशीच्या आतली, एका फोटो स्टुडिओत कामाला होती. तो मालकाने गेल्या महिन्यात बंद केला होता. हातात शेवटचे अकरा हजार आले होते, आणि तिला स्वतःचं फिल्म जोडायचं काम सुरू करायचं होतं. नवा गेमिंग लॅपटॉप आता बावीस हजारांच्या खाली मिळत नाही. मावशी विकताय असं ऐकलं, मी नऊ हजार देऊ शकते, असं ती अडखळत म्हणाली. नामाकाऊने तिला शनिवारी सकाळी पेट्रोलपंपावर बोलावलं.

शुक्रवारी दुपारी नामाकाऊने लॅपटॉप पुसला. कळांमधला मक्याचा चुरा दातकोरण्याने काढला. अंगाला लावायचं तेल बोटावर घेऊन झाकणावर चोळलं, तशी ती पंजाची खूण चमकली. तडकलेल्या बिजागरीवर इनोंगेच्या कॉलेजचा स्टिकर नीट बसला. आपण काय करतोय हे तिला कळत होतं. पण नऊ हजार म्हणजे काही महिने त्या चहांपासून सुटका. घरी बसता येईल, पाठ टेकता येईल. एवढाच विचार तिच्या डोक्यात होता, आणि तो इतका गोड होता, की त्याच्या आड दुसरं काही दिसत नव्हतं.

शनिवारी म्विझा वेळेच्या आधी आली. तिने इस्त्रीचा ब्लाऊज घातला होता, जणू नोकरीच्या मुलाखतीला आली आहे. पिशवीतून वही काढली, पानावर आधीच प्रश्न लिहून आणलेले.

"मावशी, खरं सांगा हं," ती म्हणाली. "मला फोटोतलं कळतं, यंत्रातलं काही कळत नाही. तुम्ही म्हणाल ते मी धरून चालणार."

नामाकाऊने सांगायला सुरुवात केली. ग्राफिक्स कार्ड चांगलं आहे, तासाभराची फिल्म पंचवीस मिनिटांत तयार होते. हे खरंच होतं. म्विझा लिहीत होती. आवाज थोडा होतो, पण सवय होते. म्विझाने लिहिलं, सवय होते. बॅटरी?

"दोन तास," नामाकाऊ म्हणाली.

म्विझाने 'दोन तास' लिहून खाली रेघ ओढली. मग उत्साहाने सांगू लागली, की तिच्या खोलीवर घरमालकाने एक सोलरचं पॅनेल बसवलंय, लहानसा इन्व्हर्टर आहे, फोन आणि दोन दिवे चालतात. मालक म्हणालाय लॅपटॉप चालेल, लॅपटॉपला कितीसं लागतं. म्हणजे दिवसभर घरी बसून काम करता येईल. आई आजारी असते, तिला सोडून बाहेर राहायला नको. तेवढ्यासाठीच तर लॅपटॉप हवाय, नाही का.

नामाकाऊने चहाचा कप उचलला, तो रिकामा होता, तरी ओठाला लावला. पहिल्याच दिवशी तो इन्व्हर्टर ओरडून बसेल हे तिला माहीत होतं. दोन दिवे विझतील, अंथरुणावरची आई अंधारात राहील, आणि ही पोरगी चार्जर हातात घेऊन उभी राहील. मग ही पिशवीत सगळं भरून याच टेबलाशी येईल. हिच्याही पोटात जळजळेल. नामाकाऊला त्या क्षणी काही मोठं चांगुलपण वगैरे वाटलं नाही. वाटला तो कंटाळा. स्वतःच्या चार वर्षांचा, आणि ती सगळी दुसऱ्या कुणाच्या गळ्यात बांधायची त्याचाही.

"ते दोन तास खोड," ती म्हणाली.

म्विझाने वर बघितलं.

"चाळीस मिनिटं. आणि तुझा तो इन्व्हर्टर याला ओढणार नाही. असला नवा लॅपटॉप घेतलास तरी ओढणार नाही. या जातीच्या सगळ्यांचं खाणं असंच आहे." मग तिने स्टिकर नखाने उचकटला आणि खालची पट्टी दाखवली. रंगांचं सांगितलं, नवरीच्या आत्याचं सांगितलं, डीकनचं सांगितलं. डीकनच्या गोष्टीला म्विझा हसली नाही.

"म्हणजे तुम्ही घेतलात तेव्हाच फसलात?" तिने विचारलं.

नामाकाऊने उचकटलेला स्टिकर टेबलावर सपाट केला. हा प्रश्न तिने स्वतःला मिनीबसमध्ये पुष्कळदा विचारला होता, पण उत्तर कुणाला द्यायची वेळ आली नव्हती.

"नाही गं," ती म्हणाली. "फसले नाही. पंचेचाळीस हजार माझ्याकडे कधी जमलेच नसते, मी अजून साठवतच बसले असते. याने इनोंगेला शिकवलं. चौदा हजारांत असं दुसरं काही मिळत नव्हतं. पण हे ज्यांच्यासाठी केलंय ना, त्यांच्या घरी टेबल असतं, भिंतीत वीज असते. ते याला जागचा हलवत नाहीत. मी हलवत राहिले. जेवढं स्वस्त पडलं तेवढं माझ्या अंगातून गेलं."

म्विझाने वही मिटली. आभार मानले, पण चेहरा उतरला होता. चहाचे पैसे देते म्हणाली, नामाकाऊने देऊ दिले नाहीत. ती गेल्यावर काउंटरवरची मुलगी फडकं घेऊन आली. नामाकाऊने आणखी एक चहा मागवला. त्या रात्री झोपेपर्यंत ती स्वतःवरच धुसफुसत होती. नवऱ्याचा फोन आला, त्याला ती म्हणाली, नऊ हजार दारात आले होते आणि मी हाकलले. तो दार-एस-सलामच्या वाटेवर कुठेतरी टायर बदलत होता. बरं केलंस, म्हणाला, पण त्याचं लक्ष नव्हतं.

पुढचे तीन आठवडे तसेच गेले, पिशवी, मिनीबस, चहा.

मग म्विझाने बोलावलं. पत्ता मोठ्या इस्पितळामागच्या गल्लीतला होता. तिथे कापेम्ब्वा नावाच्या म्हाताऱ्या शिंप्याचं दुकान होतं, आणि त्याची लाइन इस्पितळाच्या लाइनीला जोडलेली, त्यामुळे वीज जवळपास जातच नव्हती. मागच्या भिंतीशी, कापडाच्या ताग्यांच्या बाजूला, म्विझाने टेबल मांडलं होतं. त्यावर एका कचेरीतून निघालेला जुना, जाडजूड कॉम्प्युटर होता. आत वापरलेलं ग्राफिक्स कार्ड बसवलेलं. उरलेल्या पैशांत एक बऱ्यापैकी पडदा आणि दुकानाच्या कोपऱ्याचं तीन महिन्यांचं भाडं. हे यंत्र उचलून कुठे नेता येण्यासारखं नव्हतंच.

"तुम्ही बोललात ते घरी जाऊन वहीत उतरवलं, परत वाचलं," म्विझा म्हणाली. "मग वाटलं, आपल्याला लॅपटॉप नकोच आहे. वीज हवी आहे. आईपाशी चार वाजेपर्यंत आत्येबहीण बसते, मग मी जाते. जमतंय. मावशी, टेबल लांब आहे. अर्धं भाडं द्याल का?"

नामाकाऊने दुकानभर नजर फिरवली. छताशी एक ट्यूब जळत होती, दिवसाढवळ्या, उगाचच. कापेम्ब्वाने तोंडातल्या टाचण्या न काढता तिच्याकडे बघून मान डोलावली. ती हो म्हणाली. पेट्रोलपंपावर महिन्याभराच्या चहांना ती जेवढं देत होती, त्यापेक्षा हे महिन्याचं भाडं कमीच पडत होतं.

सोमवारी तिने लॅपटॉप आणला, टेबलाच्या डाव्या टोकाला ठेवला आणि चार्जर भिंतीत लावला. कॉलेजच्या मुलांच्या पदवीदानाची फिल्म होती, पेट्रोलपंपावर चार दिवस घेतले असते अशी. पंखा घरघरला, पण शिलाईच्या मशीनपुढे तो फारसा कुणाला ऐकू आला नाही. मध्ये कुणी उठवायला आलं नाही, बॅटरीचा आकडा बघावा लागला नाही. कापेम्ब्वाने भाजलेले शेंगदाणे दिले ते तिने एका हाताने खाल्ले. दोन वाजता फिल्म संपली. तिने ती एकदा पूर्ण पाहिली, पेनड्राइव्हवर घेतली, आणि मग तिच्या लक्षात आलं, की आता काहीच करायचं नाही. मिनीबसची गर्दी सुरू व्हायला अजून वेळ होता. गाठायचं असं कुठेच काही नव्हतं.

ती जरा वेळ हात मांडीवर ठेवून बसली. मग लॅपटॉप थोडा पुढे सरकवला, मोकळ्या झालेल्या जागेत दोन्ही हात ठेवले, त्यावर कपाळ टेकलं. म्विझा काहीतरी विचारत होती, रंगांबद्दल. नामाकाऊला उत्तर द्यायचं होतं, पण तोवर झोप लागली होती.