चुडामणच्या काकांची टोपी

बारा वर्षं बेपत्ता राहिलेला माणूस मेला असं धरायचं आणि गवताचा पुतळा करून जाळायचा, हा सोनगीरच्या जीवराम आबांच्या घरातला रिवाज. त्यांचा मुलगा चुडामण बोटीवर कोळसा ओढायला गेला, त्याला येत्या आषाढी अमावास्येला बारा वर्षं भरत होती. मधल्या काळात त्याचं एकच कार्ड आलं होतं, ब्वेनोस आयरेस बंदराचं. पुतळा जळला की त्याची बायको मंजुळाबाई विधवा. बांगड्या फुटायला चार महिने उरले होते.

तिचा भाऊ झुलाल जळगावात कापसाच्या जिनमध्ये कारकून होता. मेव्हण्याचं पत्र आपणच लिहायचं, असं त्याने ठरवलं. मराठीत लिहिलं तर अक्षर ओळखतील, इंग्रजीत लिहिलं तर आबांचा वकील ओळखेल. राहिली ब्वेनोस आयरेसची स्पॅनिश. ती वाचणारा जवळपास एकच होता, धुळ्याला नवा आलेला स्पेनचा पाद्री. म्हणजे परीक्षक एक, पण पक्का.

रद्दीवाल्या हाशमकडे स्पॅनिश शिकवणारं इंग्रजी पुस्तक निघालं. त्यातले अकराच धडे शाबूत होते.

"पुढचे कुठे गेले?"

"त्यात शेंगा बांधून दिल्या साहेब. खानेवालों कू पूछो."

अकराव्या धड्यातच झुलाल अडकला. त्या लोकांना 'आहे' म्हणायला दोन क्रियापदं लागत. माणूस कोण, कुठला, कसला, त्याला सेर. आत्ता कुठे आहे, बरा आहे की तापाने फणफणलाय, त्याला एस्तार. झुलाल स्वतः घरी अहिराणीत 'शे' म्हणे आणि कचेरीत 'आहे'. त्यामुळे त्याने एस्तार घराला आणि सेर कचेरीला लावून टाकलं आणि महिनाभर सुखाने चुकत राहिला. मग उदाहरणं नीट वाचली. 'जिवंत आहे' हे एस्तारमध्ये होतं, ताप आणि पडशाच्या रांगेत. त्याच्याच खाली 'मेलेला आहे'. तेही एस्तार. मेल्यावरही परत यायला या भाषेत जागा दिसत होती. सोनगीरला नव्हती.

अखेर ओळ जमली: चुडामण जिवंत आहे. पण सातासमुद्रापलीकडून एकच ओळ कोण धाडतं? म्हणून पाचव्या धड्यातली खात्रीची वाक्यं त्याने खाली उतरवली. पत्ता बघतो म्हणून बहिणीकडून जुनं कार्ड मागून घेतलं, वाफेवर त्याचं तिकीट सोडवलं, ते पाकिटावर डकवलं आणि "जिनच्या पत्त्यावर आलं" असं सांगून पाकीट आबांच्या हातात ठेवलं. कार्ड परत द्यायचं मात्र त्याला धाडस होईना.

आबा त्याला घेऊनच धुळ्याला गेले. पाद्र्याने सावकाश वाचलं.

"चुडामण जिवंत आहे. माझ्या काकांची टोपी मोठी आहे. वाइन उत्तम आहे."

"वाइन म्हंजे?"

"द्राक्षांची दारू."

आबा उसळले. "मी बापले एकलाच. याले काका कोठला? नवा काका कया, दारू पेस. बाटना! आमनासाठे तो मरी गया."

पाद्र्याने चष्म्यावरून झुलालकडे पाहिलं. "व्याकरण निर्दोष आहे," तो म्हणाला.

अमावास्येला नाल्याकाठी पुतळा जळाला. गवत सुकं होतं, फार वेळ लागला नाही. घरी बायका बांगड्या फोडायला दगड घेऊन पुढे झाल्या, तशी मंजुळाबाईने हात पदराखाली ओढून घेतले.

"आबा, मरेल मानूस दारू पेस का?"

पत्र आबांनी स्वतःच्या कानांनी ऐकलं होतं. दगड खाली ठेवला गेला.

आठ दिवसांनी ती पाटी घेऊन जळगावला आली. "भाऊ, त्यास्नी बोली माले शिकाड. कागद लिखना शे."

झुलालने खरं सांगायला दोनदा घसा साफ केला. मग अकरावा धडा उघडला. 'मी तुमची बायको आहे' हे सेरमध्ये, 'तुम्ही कुठे आहात' हे एस्तारमध्ये. तिने दोन्ही गिरवून घेतलं.

"आते मनं कार्ड दे. पत्ता त्यावर शे."

आता देणं भाग होतं. बंदराच्या चित्राच्या मागच्या बाजूला, कोपऱ्यात, तिकिटाएवढा पांढरा चौकोन उघडा पडला होता. मंजुळाबाई त्याच्याकडे बघत राहिली. मग तिने त्यावर अंगठा ठेवला. हातातल्या बांगड्या वाजल्या.

"पुढे सांग, भाऊ."