जुन्यावरच सेव्ह

स्टुडिओवाल्याचा हात मोठा हुशार होता, आणि सगळा घोळ त्या हातानेच घातला.

दुकान जेमतेम. बाहेर काउंटर, त्यामागे कॉम्प्युटर आणि प्रिंटर, आत पडद्यापलीकडे एक फिरतं स्टूल, पांढरी भिंत, दोन दिवे. दारावर पाटी, 'पंधरा मिनिटांत फोटो'. त्या पंधरांतली दोन मिनिटं फोटो काढायला, तीन प्रिंटरला, आणि उरलेली दहा समोरचा माणूस सुधारायला. डोळ्यांखालचं काळं जायचं, मुरुम जायचे, हनुवटीखालची वळी जायची, आणि सगळ्यात शेवटी नाक. नाकपुडीच्या कडेवर कर्सर टेकवायचा आणि आत ढकलायचा, एकदा इकडून, एकदा तिकडून. गिऱ्हाइकाला पत्तासुद्धा लागायचा नाही. या दुकानात आपला फोटो बरा येतो, एवढंच त्याला कळायचं, आणि पुढच्या खेपेला तो घरच्यांना घेऊन यायचा.

काम झालं की फाईल जुन्यावरच सेव्ह. मूळ फोटो वेगळा ठेवायची भानगडच नाही. सुरुवातीला कॉम्प्युटरात जागा नसायची म्हणून. पुढे जागा झाली तरी बोटांना तेच वळण लागलेलं. "वाईट आलेल्या फोटोला काय कवटाळून बसायचं?" असं तो वर म्हणायचा.

बायको शेजारच्या गाळ्यात कपडे अल्टर करायची. कुणाचं सैल करायचं, कुणाचं घट्ट. ती त्याला हसत हसत सुनवायची, "मी कात्री लावायच्या आधी आत दोन बोटं कापडाची माया राखते. उद्या माणूस जाड झालं तर उसवून द्यायला नको? तुम्ही म्हणजे सरळ कापून मोकळे."

"फोटो काय उसवून मागतं का कुणी?" तो म्हणायचा. तिला निरुत्तर केल्यासारखं त्याला वाटायचं.

आता बायकोच्या नाकाचं सांगायला हवं, कारण त्याच्याशिवाय पुढचं काही समजायचं नाही. नाक रुंद, नाकपुड्या चांगल्या पसरट, आणि ती खळखळून हसली की आणखी फुलायच्या. तिला स्वतःला त्याचं काही नव्हतं. पावडर लावायची, टिकली लावायची आणि कामाला लागायची. ज्यांना होतं ते बाकीचेच. लेक झाली तेव्हा स्टुडिओवाल्याची थोरली बहीण दवाखान्यात आली, दुपट्यात डोकावली आणि म्हणाली, "कपाळ आपलं, डोळे आपले. नाक मात्र आईचं उचललंय. असू दे, मोठी होईल तसं होईल नीट." बाळंतिणीच्या उशाशी उभं राहून म्हणाली. माणसं अशी असतात.

लेक सहा वर्षांची झाली आणि शाळेच्या ओळखपत्राला फोटो लागला. बापाने तिला स्टुलावर बसवलं, स्टूल फिरवून उंच केलं, केस नीट केले, फोटो काढला. कॉम्प्युटरच्या पडद्यावर पाहिलं. "दिव्यामुळे तसं दिसतंय," असं स्वतःलाच म्हणाला आणि कर्सर टेकवला. त्यात त्याच्या मनात काही वाईट नव्हतं हो. उलट प्रेमच होतं. वर्गातल्या पोरींनी चिडवू नये, एवढंच. पण प्रेमाने केलं म्हणून झालेलं बदलतं थोडंच. इकडून ढकललं, तिकडून ढकललं, जुन्यावरच सेव्ह.

मग दर वर्षी तेच. शाळेचं ओळखपत्र, कॉलेजचं, बँकेचं, वाढदिवसाचे, सहलीचे, सगळे फोटो घरचेच, सगळे बापाच्या हाताखालून गेलेले. बैठकीच्या भिंतीवर मोठ्या चौकटीत तिघांचा फोटो होता. त्यात मायलेकी दोघींची नाकं अगदी चाफेकळी. लेक सकाळी त्या फोटोकडे बघायची आणि मग तोंड धुताना बेसिनवरच्या आरशाकडे. बरीच वर्षं तिला वाटायचं, आरसाच कुठेतरी बिघडलाय. मग एकदा ती दुकानात बापाच्या मागे उभी होती आणि त्याने दुसऱ्याच कुणा बाईचं नाक ढकलताना तिने पाहिलं. ती तशीच घरी गेली.

सव्विसाव्या वर्षी तिने डॉक्टर शोधला. "सोबत येता का?" एवढंच बापाला विचारलं. तिथे गेल्यावर त्याला कळलं कशासाठी ते.

डॉक्टर गोडबोल्या होता. कागदावर नाक काढून त्याने दाखवलं: नाकपुडीच्या बुडाशी दोन्ही बाजूंनी छोटीशी फाक काढायची, टाके घालायचे, संध्याकाळी घरी. लेकीने पर्समधून फोटो काढून टेबलावर ठेवला. तिचाच, भिंतीवरच्या फोटोची छोटी प्रत.

"मला अशी करून द्या," ती म्हणाली.

डॉक्टरने फोटो उजेडात धरला, मग तिच्याकडे पाहिलं, पुन्हा फोटोकडे. "हे कुणी केलंय? सुरेख काम आहे, कळतसुद्धा नाही."

आणि आमचा हा शहाणा, सांगायलाही लाज वाटते, सुखावला. "मीच," म्हणाला. वीस वर्षांत त्या हाताचं कुणी कौतुक केलं नव्हतं, ते नेमकं तिथे व्हायचं होतं. लेक मान खाली घालून पर्सची चेन लावत बसली.

घरी आल्यावर मात्र तो भानावर आला. जिन्यातच त्याने तिला अडवलं. "तुझ्या नाकाला काय धाड भरलीय? चांगलं तर आहे."

"चांगलं आहे?"

"आहेच मुळी."

"मग बाबा, ते ज्यात आहे असा एक फोटो दाखवा मला. एकच."

"अगं, सगळ्यांचंच करतो मी. हात जातो आपोआप."

"मी सगळ्यांतलीच आहे का तुमच्यासाठी?" ती म्हणाली आणि वर निघून गेली.

बायको दारात उभी राहून सगळं ऐकत होती. तिच्या तोंडात सुई होती, ती तिने काढून पदराला टोचली. "माझंही करून घेऊ का मग? एका खेपेत दोघींचं उरकेल," ती म्हणाली. एरवी तिच्या अशा बोलण्यावर घर हसायचं.

शस्त्रक्रिया झाली. सूज उतरली, टाके निघाले, आणि नाक हुबेहूब फोटोसारखं झालं. महिनाभर लेक आरशासमोरून हलेना. बापाला वाटलं, चला, आपण उगाच घाबरलो. फोटोतल्या नाकाला श्वास घ्यायचा नसतो, ही साधी गोष्ट डॉक्टरच्या ध्यानात आली नव्हती, आणि आमच्या या कलाकाराच्या ध्यानात येण्याचा तर प्रश्नच नव्हता. दुसऱ्या महिन्यात आतले व्रण आक्रसायला लागले. नाकपुड्या कापसाच्या वातीएवढ्या उरल्या. श्वास आत घेतला की बारीक शिट्टी वाजायची. जिना चढली की तोंड उघडं. जेवताना दर दोन घासांनी थांबायची, कारण चावायचं आणि श्वास घ्यायचा ही दोन कामं एकाच तोंडाने करायची होती.

तिची नोकरी फोनवरची. कानाला हेडफोन, तोंडापुढे माइक, आणि दिवसभर लोकांच्या तक्रारी ऐकून घ्यायच्या. "ताई, सर्दी झालीय का तुम्हाला?" असं लोक विचारू लागले. मग एका गिऱ्हाइकाने तिचीच तक्रार केली: मी बोलत होतो आणि बाई उसासे टाकत होत्या. साहेबांनी बोलावून घेतलं आणि चांगल्या शब्दांत सांगितलं, "दोन महिने घे, इलाज कर. नाहीतर फोनवर नाही बसवता येणार, आणि फोनशिवाय आपल्याकडे दुसरं काम नाही." तिने घरी येऊन हे सांगितलं तेव्हा मध्ये तीनदा थांबून श्वास घेतला.

पहिल्या डॉक्टरकडे गेली तर तिथे चष्म्याचं दुकान. डॉक्टर गाशा गुंडाळून कुठे गेला ते शेजारच्यांनाही ठाऊक नव्हतं, आणि त्याच्याबरोबर तिची फाईलही गेली. दुसऱ्या डॉक्टर बाई होत्या, तोंडाने फटकळ पण हाताला चांगल्या. त्यांनी आत बॅटरीचा उजेड टाकून पाहिलं आणि सुस्कारा सोडला. "कानामागचं कातडं घेऊन मोकळं करता येईल. पण तुझं मूळचं नाक केवढं होतं ते मला कळायला हवं. अंदाजाने केलं की पुन्हा हेच. जुने फोटो आण, समोरून, बाजूने, खालून. आणि जसेच्या तसे आण, सुधारलेले नकोत."

स्टुडिओवाल्याने दुकान दोन दिवस बंद ठेवलं आणि शोधाशोध केली. जुने कॉम्प्युटर उघडले, सीडीच्या चळती उपसल्या, कॅमेऱ्याची कार्डं एकेक करून लावली. सहा वर्षांची लेक, दहाची, सोळाची, शेकडो फोटो, आणि शेकडो फोटोंत तेच चाफेकळी नाक. कार्डं तर दर आठवड्याला पुसलेली. बहिणीला फोन केला. तिच्याकडे त्यानेच पाठवलेले होते. शाळेच्या वर्गाचा फोटोसुद्धा यानेच काढलेला. लेकीच्या मोबाईलमधले फोटो तिने स्वतः सुधारलेले, कारण ती बापाचीच लेक, आणि मैत्रिणींनी काढलेल्यांत तिचा हात नाकावर. आधार कार्डावरच्या काळपट फोटोत नाक कुठलं तेच ओळखू येईना. बाप फोटोग्राफर, आणि पोरीचा एक खरा फोटो घरात नाही. तिसऱ्या दिवशी तो काउंटरवर डोकं धरून बसला आणि खरोखर रडला.

तेवढ्यात शेजारच्या गाळ्यातल्या शिलाई मशीनचा आवाज थांबला आणि त्याच्या डोक्यात प्रकाश पडला. तो धावतच गेला. "अगं, तुझं आणि तिचं नाक एकच. तू बस. तुझे फोटो देऊ."

बायको गळ्यातल्या टेपसकट आली. लेकही आली, काउंटरला टेकून उभी राहिली, तोंड किंचित उघडं. बायको स्टुलावर बसली, त्याने दिवे लावले.

"हसू का नको?"

"नको. सरळ बघ माझ्याकडे."

"कितीतरी वर्षांनी म्हणताय असं," ती म्हणाली आणि सरळ बघितलं.

त्याने समोरून काढला, बाजूने काढला, मान वर करायला लावून खालून काढला. छातीवरचं ओझं हलकं झालं. आता सगळं नीट होईल, लेक पुन्हा श्वास घेईल, पुन्हा आपल्याशी बोलेल. कार्ड घेऊन तो कॉम्प्युटरशी बसला आणि फोटो उघडले, तोच एक बाई काउंटरवर आली.

"पासपोर्टचे फोटो हवेत. दोन दिवस बंद होतं की तुमचं?"

"हो, जरा घरचं काम होतं. बसा, पंधरा मिनिटं लागतील."

"साइज तुम्हाला माहीत आहे ना? मागच्या वेळी एका ठिकाणी चुकीचे दिले, परत यावं लागलं."

"माहीत आहे हो, रोजचंच आहे. दोन वर्षांपूर्वी बदलला तो साइज. कान दिसायला हवेत, चष्मा काढायचा." बोलता बोलता त्याने प्रिंटची कळ दाबली. प्रिंटर घरघरला आणि तीन फोटो एकामागून एक ट्रेमध्ये पडले.

लेकीने ते उचलले. पहिला पाहिला, दुसरा पाहिला, तिसरा पाहिला. मग आईकडे पाहिलं. तिने ते आईच्या हातात दिले.

बायकोने फोटो लांब धरले, चष्मा नव्हता म्हणून. "छान आलेत," ती म्हणाली. "नेहमीसारखेच."

त्याने मान वळवून पाहिलं. तिन्ही फोटोंत चाफेकळी. त्याने गडबडीने फाईल उघडली, फाईलमध्येही तेच. कार्डात बघितलं, तर मघाशी त्याने कार्डातल्याच फाईली उघडून जुन्यावरच सेव्ह केल्या होत्या, तिथेही तेच. आपण हे केव्हा केलं, त्याला आठवेना. तोंड साइजबद्दल बोलत होतं, एवढं आठवत होतं.

"बाबा," लेक म्हणाली, आणि पुढचं बोलण्याआधी तिला तोंडाने श्वास घ्यावा लागला. "आई समोर बसली होती. तुम्हाला ती दिसतच नाही का हो?"

"पुन्हा काढतो. दोन मिनिटं. ह्या वेळी हातच लावत नाही, तू स्वतः प्रिंट दे. अगं, बस ना तू."

पण बायको स्टुलावरून उतरली होती. गळ्यातली टेप तिने काढली, गुंडाळली आणि काउंटरवर ठेवली. पडद्याआड जाऊन चपला घातल्या.

"राहू दे," ती म्हणाली. तिच्या आवाजात राग नव्हता. "त्या डॉक्टर बाईंना नाकच बघायचंय ना? ह्या घरात न सुधारलेलं एवढं एकच उरलंय. मीच जाते पोरीबरोबर. मोजू देत हवं तेवढं."

लेकीने आईचा हात धरला. पायरी उतरताना आईने चाल हळू केली, लेकीला दम लागू नये म्हणून. काउंटरवरून त्याला दोघींची पाठ दिसत होती, आणि बायकोचा चेहरा आठवायचा त्याने खूप प्रयत्न केला. आठवत होते ते फोटो.

"माझं घेताय ना?" बाई पडद्याआडून म्हणाली. ती एव्हाना रिकाम्या स्टुलावर जाऊन बसली होती. "जरा चांगला काढा हं. माझं नाक फोटोत फार मोठं येतं."

"हो," तो म्हणाला आणि दिवे लावले.