मोठं वांगं कोणी खाल्लं

मला नको तिथं नाक खुपसायची सवय आहे. छत्तीस वर्षं मास्तरकी केली, त्यातली निम्मी पोरांना 'का?' विचारण्यात गेली. निवृत्तीनंतर पोरं उरली नाहीत, 'का' तेवढा उरला. त्यामुळे आमच्या गावचं भरिताचं वांगं लहान का होत चाललंय, हा प्रश्न फिरून फिरून माझ्याच ओट्यावर येणार होता.

आमचं गाव पारोळा तालुक्यात. टाळेबंदीच्या साली बाजार बंद पडला, रोपवाटिकेतली रोपं आली नाहीत, आणि ज्यांच्या घरी जुनं बियाणं होतं अशा चार-दोन घरांनीच गावाला भाजी पुरवली. तेव्हा सगळ्यांचे डोळे उघडले. मग बचत गटाच्या सारिकानं (माझीच जुनी विद्यार्थिनी, वर्गात बोलायची नाही, आता थांबत नाही) एक पद्धत घालून दिली. चौदा घरांनी एकेक जुना वाण सांभाळायचा. कोणाकडं दादर ज्वारी, कोणाकडं वाल, कोणाकडं गिलकी. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, सगळ्यांनी बी आणायचं आणि गावात वाटायचं. ज्या घरचा वाण खालावला, त्या घरातून तो दुसऱ्या घरी जाणार.

वांगं होतं यशोदाअक्कांकडं. हिरवं, पांढऱ्या रेघांचं, पूर्वी एकेक चांगलं किलोभर भरायचं. या आखाजीला सारिकानं सर्वांसमक्ष सांगितलं की गेल्या हंगामातलं एकही वांगं अर्ध्या किलोच्या वर गेलं नाही.

"नियम बठ्ठासले एकच शे, अक्का," ती म्हणाली. "यंदानं साल दखू. नही ते वांगं दुसरा घर देनं पडी."

दुसऱ्या दिवशी सकाळीच अक्का माझ्या ओट्यावर येऊन बसल्या.

"गुरुजी, मनी सासूनी मरताना माले ते बी दिन्हं व्हतं. मनं वांगं गयं ते मी काय तोंड दखाडू?"

अक्का रडणाऱ्यांतल्या नाहीत. त्यांचा आवाज फाटला. मी म्हटलं, शोधून काढतो.

आणि लागलो मागे. आधी वाटलं, जमीन दमली असेल. पण त्याच वाफ्यात मिरची झकास आली होती. पाणी म्हणावं तर विहीर तीच. मग आठवलं, अक्कांनी गेल्या वर्षी याच बियाची रोपं छगनलाही दिली होती. छगन म्हणजे आमच्या खंडोबाची पूजाअर्चा बघणारा, शेत नदीकाठी, काळीभोर जमीन. त्याच्याकडं जाऊन विचारलं, तर तिथंही वांगी लहानच! मला आनंद झाला, म्हणजे दुसऱ्याच्या लहान वांग्याचा जेवढा होऊ शकतो तेवढा. खोट जमिनीत नव्हती. खोट बियात होती.

पण बी तर अक्कांचंच. राखेत घोळून, मडक्यात, सासूनं शिकवलं तसं ठेवलेलं. मग खोट शिरली कुठून? आठ दिवस हाच विचार. घरात आमच्या सौ. कुंदाबाई म्हणाल्या, एवढं लक्ष संसारात घातलं असतं तर बरं झालं असतं. शेवटी पुन्हा अक्कांकडं गेलो.

"अक्का, बी कोनता वांगानं ठेवतस तुम्ही?"

"झाडवर शेवटले जे ऱ्हाई जास, तेनं."

"शेवटलं का? पयलं का नही?"

अक्कांनी माझ्याकडं असं पाहिलं की जणू मी शाळेत नापास झालोय.

"पयलं ते तुम्हीच खातस, गुरुजी!"

खरंच होतं ते. आमच्या गावात चंपाषष्ठीपर्यंत वांगं कोणी तोंडात घालत नाही. त्या दिवशी खंडोबाला भरिताचा नैवेद्य दाखवायचा आणि मग अक्कांच्या शेतात अख्ख्या गावाची भरित पार्टी. कपाशीच्या वाळल्या काड्यांवर वांगी भाजायची, लाकडी बडगीत ठेचायची, कळण्याच्या भाकरीबरोबर हाणायची. आणि वांगी निवडायला कोण? मीच. वीस वर्षं मीच ओळीओळीतून फिरून, सगळ्यात जोमदार झाडाचं, सगळ्यात मोठं, तुकतुकीत वांगं हेरून तोडत आलो. वांगं पारखण्यात माझा हात धरणारा तालुक्यात नाही, असं लोकांना सांगतही आलो. जी झाडं किडकी, उशिराची, ज्यांच्याकडं मी ढुंकूनही पाहिलं नाही, त्यांचं शेवटचं वांगं बियाला राहायचं. दरसाल उत्तम ते आमच्या पोटात आणि उरलंसुरलं मातीत. मला माझीच लाज वाटली.

मी सारिकाला गाठून सगळं सांगितलं. तिनं ऐकून घेतलं, पण नियम सोडायला ती तयार नव्हती. "खाल्लं गावानं असेल, गुरुजी, पण वाण राखायची जबाबदारी घराची ना? बघू अक्का काय करतात."

कार्तिकात अक्कांनी आणि मी मिळून बियासाठी सहा झाडं निवडली. त्यांची वांगी तोडायची नाहीत, झाडावरच पिवळी होऊ द्यायची, असं ठरलं.

चंपाषष्ठी उजाडली. शेतात धूर, हशा, भाकऱ्यांच्या चळती. छगन नैवेद्यासाठी वांगं तोडायला वाफ्यात शिरला आणि सरळ त्या सहातल्या सगळ्यात मोठ्या वांग्याला त्यानं हात घातला.

"छगन, ते नको," मी ओरडलो. "पलीकडलं घे."

"देवले बारीक वांगं?" तो वळला. "गुरुजी, काय बोली ऱ्हायनात?"

माणसं जमली. कोणीतरी म्हणालं, देवाचं उत्तमच पाहिजे. दुसऱ्यानं मान डोलावली. सारिका बाजूला उभी राहून अक्कांकडं पाहत होती. देवापुढं माझी मास्तरकी काय चालणार?

अक्का पूजेचं ताट घेऊन वाफ्यात उतरल्या. त्या मोठ्या वांग्यापाशी बसल्या आणि चिमूटभर भंडारा घेऊन त्यांनी झाडावरच्या वांग्याला लावला. मग बाकीच्या पाच झाडांनाही लावला.

"देवा, हाई तुनंच शे," त्या म्हणाल्या. "झाडवरच ऱ्हाऊ दे, पिकू दे. आज बारीक खा, रागावू नको." मग छगनकडं वळल्या. "आते देवनं वांगं कोन तोडस ते दखू."

छगननं हात जोडले आणि पलीकडचं वांगं तोडलं.

भरीत कमीच पडलं. सारिका ताट घेऊन अक्कांशेजारी येऊन बसली. "वांगं तुमनाच घर ऱ्हाई, अक्का," ती म्हणाली. "पन एक साल मा काही मोठं व्हवाव नही. चार-पाच साल असंच बठ्ठासले बारीक खानं पडी."

अक्कांनी पदरानं डोळे पुसले आणि माझ्याकडं पाहिलं. मला बाहत्तरावं सरत आलंय. अक्का माझ्याहून मोठ्या.

"खाऊ," मी म्हणालो.